वनांतल्या वाटा आणि सायकलस्वारांचें देऊळ

प्रवासाचें साधन बदललें कीं प्रदेशाचें रूपहि बदलतें. आगगाडींतून जाणाराला गांवांच्या पाठी दिसतात, मोटारींतून जाणाराला गांवांच्या पाट्या दिसतात, आणि पायीं जाणाराला सर्व कांहीं दिसतें, परंतु संध्याकाळपर्यंत तें फार थोडें असतें. या तिघांच्या मधली जागा सायकलीची. ताशीं पंधरा किलोमीटरांच्या संथ गतीनें जाणारा मनुष्य दिवसांत चार-पांच गांवें सहज ओलांडतो, आणि तरीहि वाटेवरच्या घरांतून येणारा स्वयंपाकाचा वास त्याला चुकत नाहीं. आडवाटेला एखादें लहानसें देऊळ दिसलें, तर एक पाय जमिनीला टेकला कीं त्याचा मुक्काम झाला.

ही गोष्ट फ्रान्समध्यें ज्यानें हिरिरीनें मांडली, त्याचें नांव पॉल द व्हिव्ही. १८५३ सालीं जन्मलेला व १९३० सालीं निवर्तलेला हा गृहस्थ सें-तेत्येन या कारखान्यांच्या शहरीं राहत असे व ‘व्हेलोसिओ’ या टोपणनांवानें लिहीत असे. सायकल ही शर्यतीची वस्तु नसून देशाटनाचें साधन आहे, हा त्याचा जन्मभराचा आग्रह. भूक लागण्यापूर्वीं खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें, आणि केवळ मोठेपणा मिरविण्यासाठीं कधींहि पायडल मारूं नये, हें त्याच्या उपदेशाचें सार होय. त्या देशांत सायकलवरून भटकंती करणारांचा जो मोठा संप्रदाय पुढें वाढला, तो व्हेलोसिओला आपला आदिगुरु मानतो.

या संप्रदायाचें एक तीर्थक्षेत्रहि आहे. फ्रान्सच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, बोर्दो शहराच्या दक्षिणेस, लांद नांवाचा प्रांत पसरलेला आहे. त्याच्या पश्चिमेस अटलांटिक महासागर, आणि पूर्वेच्या सीमेवर आर्मान्याकचे द्राक्षमळे. मधला बहुतेक सर्व मुलूख पाइन वृक्षांच्या अरण्यानें व्यापलेला आहे. हें अरण्य सुमारें दहा लक्ष हेक्टरांचें असून पश्चिम युरोपांतील मोठ्यांत मोठ्या अरण्यांपैकीं एक गणलें जातें. त्यांतल्या वाटा सरळ व सपाट. दोहों बाजूंस उंच सरळ खोड, खालीं वाळू व नेचे, वाऱ्याबरोबर येणारा राळेचा वास, आणि चाकांच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज नाहीं. नवखा प्रवासी मनाशीं म्हणतो, सृष्टीच्या आरंभापासून हें वन असेंच उभें असलें पाहिजे.

येथेंच त्याची फसगत होते. दोनशें वर्षांपूर्वीं या मुलखांत फार थोडें वन होतें. होता तो विस्तीर्ण, पाणथळ माळ. पावसाळ्यांत तेथें गुडघाभर पाणी सांचे, म्हणून धनगर उंच काठ्या पायांना बांधून, त्यांवर उभे राहून मेंढरें राखीत. तिसऱ्या नेपोलियनच्या कारकीर्दीत, १८५७ सालीं, एक कायदा झाला. त्यानें गांवोगांवच्या पंचायतींना आपल्या सामाईक माळाचे चर खणून पाणी काढण्याची व तेथें झाडें लावण्याची सक्ति केली. पाणी ओसरलें, पाइन वाढले. त्यांच्या खोडांना खांचा पाडून गोळा केलेल्या राळेवर व लांकडावर कित्येक घराणीं गब्बर झालीं. परंतु ज्या धनगरांचीं चराऊ रानें गेलीं त्यांचा धंदाहि गेला. त्या काठ्यांवरची चाल आज केवळ उत्सवांतल्या नाचांत उरली आहे. पुढें राळेचाहि काळ संपला. १९९० च्या सुमारास तो व्यवसाय जवळजवळ बंद पडला. जें अरण्य एका पिढीला आक्रमण वाटलें, तें तिच्या नातवांना वडिलोपार्जित वाटूं लागलें, इतकेंच.

आणि अशा अरण्याला स्थैर्य तरी कोठें असतें? १९४९ च्या ऑगस्टमध्यें येथें वणवा पेटला. वारा फिरला, आणि तो विझविण्यासाठीं धांवलेले ८२ लोक मृत्युमुखीं पडले. २४ जानेवारी २००९ रोजीं ‘क्लाउस’ नांवाच्या वादळानें कोट्यवधि झाडें काडीसारखीं मोडलीं. म्हणून आजच्या वाटसरूला दाट वनाच्या मध्येंच एकाएकीं मोकळें आकाश दिसतें, आणि त्याखालीं रांगेनें लावलेलीं कोंवळीं रोपें. उन्हाळ्यांत आगीचा धोका वाढला कीं सरकार वनांत शिरण्यास मनाई करतें. शहाणा सायकलस्वार म्हणून वसंत ऋतु किंवा शरद ऋतु निवडतो.

वनाच्या कडेला मों-द-मार्सां हें प्रांताचें मुख्य शहर आहे. तेथून पूर्वेकडे गाबारे गांवापर्यंत सुमारें पन्नास किलोमीटरांची एक वाट जाते. ही वाट म्हणजे पूर्वींचा आगगाडीचा मार्ग. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले गेले, आणि उरलेली पट्टी पायीं जाणारांना व सायकलींना मोकळी करून देण्यांत आली. आगगाडीसाठीं घातलेला रस्ता असल्यामुळें त्यावर चढ असा जाणवत नाहीं. साठीच्या घरांतला मनुष्य अथवा दहा वर्षांचें पोर, दोघेहि तो न थकतां आक्रमूं शकतात. जुन्या स्टेशनांच्या इमारती मधून मधून दिसतात. त्यांच्यासमोर आतां गाडीची वाट पाहणारें कोणी नसतें.

याच वाटेवर लाबास्तीद-दार्मान्याक हें गांव लागतें. तेराव्या व चौदाव्या शतकांत या भागांतील राजे व सरदार ओसाड जागीं नवीं गांवें वसवीत. येऊन राहणाराला घराची जागा, शेताचा तुकडा व कांहीं करांची माफी देण्याची सनद लिहून दिली जाई. अशा गांवांना ‘बास्तीद’ म्हणतात. हें गांव आर्मान्याकचा सरदार सहावा बेर्नार यानें १२९१ सालीं वसविलें. जवळचें सें-ज्यूस्तें तर त्याहूनहि जुनें, १२८० सालचें. बास्तीदची आंखणी सोपी असते. काटकोनांत छेदणाऱ्या गल्ल्या, मधोमध चौक, आणि चौकाभोंवतीं घरांच्या खालून गेलेल्या कमानींच्या पडव्या. लाबास्तीदच्या चौकांतील लांकडी चौकटींचीं घरें एकमेकांना टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांप्रमाणें जराशीं कललेलीं आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवीत उभा आहे तो देवळाचा जाडजूड मनोरा. शत्रु आला तर तोच किल्ला होई. सायकल पडवीच्या खांबाला टेकवून प्रवासी येथें भाकरतुकडा खातो. चौथ्या हेन्री राजाला पॅरिसमधील प्रसिद्ध चौकाची कल्पना येथूनच सुचली, असें गांवकरी मोठ्या अभिमानानें सांगतात. ही दंतकथा आहे. परंतु गांवाला तिचा फार उपयोग होतो.

गांवापासून थोड्या अंतरावर, झाडांच्या सावलींत, झेऊ नांवाच्या जागीं एक लहान प्रार्थनामंदिर आहे. मूळ बांधकाम अकराव्या शतकाच्या सुमाराचें. त्याहि पूर्वीं तेथें रोमन काळांतील वाडा होता. वस्ती दूर सरकली, आणि मंदिर उपेक्षेंत पडलें. विसाव्या शतकाच्या मध्यास जोसेफ मासी नांवाच्या धर्मगुरूकडे या भागाची जबाबदारी होती. हा पाद्री सायकलचा मोठा भोक्ता. इटलींत कोमो सरोवराजवळच्या गिसाल्लो टेंकडीवर मेरीमातेचें एक मंदिर आहे. १९४९ सालीं बाराव्या पायस पोपनें तेथील मेरीमातेला सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून घोषित केलें होतें. मासीनें विचार केला, जें इटलींत झालें तें आपल्या वनांत कां होऊं नये? त्यानें रोमकडे अर्ज केला. १९५९ सालीं तेविसाव्या जॉन पोपची संमति मिळाली, आणि उपेक्षित मंदिर ‘नोत्र-दाम दे सीक्लिस्त’, म्हणजे सायकलस्वारांची माउली, झालें.

आज आंत शिरणाराला प्रथम दिसतात त्या भिंतींवर टांगलेल्या सदऱ्यांच्या रांगा. शर्यतींत घामानें भिजलेले हे शेंकडों सदरे मोठ्या विजेत्यांनीं व अगदीं अप्रसिद्ध मंडळांनीं येथें अर्पण केले आहेत. खिडक्यांच्या रंगीत कांचांचें काम आंरी आंग्लाद यानें केलें. हा स्वतः नामांकित सायकलपटु. ज्या १९५९ सालीं मंदिराला मान्यता मिळाली, त्याच वर्षीं तो ‘तूर द फ्रान्स’ शर्यतींत दुसरा आला होता. १९८९ सालीं त्या शर्यतीचा एक टप्पा या गांवाहूनच निघाला व पो येथें संपला.

या सदऱ्यांमागें एक विशेष हृद्य कहाणी आहे. लुईस ओकान्या हा स्पेनमधील गरीब घरचा मुलगा. पोटासाठीं आईबाप फ्रान्सांत आले, त्यांच्याबरोबर तोहि आला, आणि याच प्रदेशांतील रस्त्यांवर सायकल शिकून मोठा झाला. १९६६ सालीं त्याचें लग्न याच प्रार्थनामंदिरांत लागलें. १९७१ सालीं तूर द फ्रान्समध्यें अग्रस्थानाचा पिंवळा सदरा त्याच्या अंगावर होता. परंतु पिरेनीज पर्वताच्या मांते घाटांत, वादळी पावसांत उतरतांना तो पडला, मागून येणारा स्वार त्याच्यावर आदळला, आणि शर्यत त्याच्या हातची गेली. दोन वर्षांनीं, १९७३ सालीं, त्यानें तीच शर्यत जिंकली. पुढें आजारपणानें व विवंचनांनीं तो खचला, आणि १९९४ सालीं, पन्नाशीहि गांठण्यापूर्वीं, त्याचा अंत झाला. विजयाचा सदरा भिंतीवर राहतो. तो घालणारा राहत नाहीं. मंदिरांत उभा राहिलेला मनुष्य हें न बोलतां समजतो.

देवघरांत घामाचे कपडे टांगणें ही विटंबना नव्हे काय, असा प्रश्न सोंवळ्या मनाला पडेल. परंतु नवस फेडण्यासाठीं घंटा बांधणाऱ्या व पाळणे वाहणाऱ्या आपल्या लोकांना तरी तो पडूं नये. ज्या वस्तूवर मनुष्यानें आपले सर्व बळ खर्च केलें, तीच देवापुढें ठेवण्याजोगी. दरवर्षीं पेंटेकॉस्टच्या सोमवारीं येथें सायकलस्वार जमतात. त्यांत शर्यतींतले तरुण असतात, जुन्या सायकली घासूनपुसून आणणारे वृद्ध असतात, आणि ज्यांना धर्मोपासनेशीं फारसें कर्तव्य नाहीं असेहि पुष्कळ असतात. प्रार्थना होते, वर्षभरांत गेलेल्या सोबत्यांचें स्मरण होतें, आणि मंडळी पुन्हां वनाच्या वाटेला लागतात.

या एका दिवसाच्या सहलींत वाटसरू जें जें पाहतो, त्यांतलें कांहींहि मूळ स्थितींत राहिलेलें नाहीं. माळ होता तेथें वन झालें. ओसाड जागीं सनदेनें गांव झालें. आगगाडीच्या मार्गाची सायकलवाट झाली. आणि उपेक्षित मंदिराला नवा भक्तसमुदाय मिळाला. यांपैकीं प्रत्येक बदलांत कोणाचें तरी गेलें आणि कोणाला तरी मिळालें. परंतु जुन्या वास्तूंविषयीं एक गोष्ट येथें स्पष्ट दिसते. केवळ कुलूप लावून व पाटी ठोकून त्या जगत नाहींत. त्यांच्याकडे जाणारीं पावलें हवींत. मासी पाद्र्यानें भिंती सावरल्या त्याहून त्या दाराकडे जाणारी वाट पुन्हां वाहती केली, हाच त्याचा खरा जीर्णोद्धार.

आपल्याकडेहि ओढ्याकांठीं, आंबराईच्या आडोशाला, गांवकुसाबाहेर अशीं लहान देवळें व जुनीं ठाणीं शेंकडों आहेत. मोटारीच्या वेगाला तीं दिसत नाहींत. जिन्याखालीं धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढून, चाकांत हवा भरून, एखाद्या रविवारीं सकाळीं जो कोणी निघेल, त्याला तीं दिसतील. आणि पूर्वीं कोणी आलें नसेल इतक्या दिवसांनीं त्यांच्या पायरीवर क्षणभर कोणी तरी बसेल.