बरे झाल्यानंतर

कर्करोगाचा रुग्ण बरा झाला असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात गाठ असते. घरच्या माणसांच्या मनात मात्र त्याचा रोजगार असतो. परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि औषधे यांत मोठी प्रगती झाली व अनेकांचे प्राण वाचले. वाचलेला माणूस पुन्हा कामाला लागला की नाही, याची विचारपूस मात्र क्वचितच होते.

तोंडाचा कर्करोग घ्या. भारतातील पुरुषांत तो फार आढळतो, आणि तंबाखू हे त्याचे मुख्य कारण. या रोगात पुष्कळदा मानेतील लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात. तेथून जाणारा एक मज्जातंतू खांद्याच्या स्नायूला चालना देतो. तो दुखावला, की खांदा उतरतो आणि हात डोक्यावर जाईनासा होतो. कारकुनाचे त्यावाचून फारसे अडत नाही. हमालाचे आणि गवंड्याचे सारेच अडते. किरणोपचाराने लाळ आटते, कित्येकांचा जबडा पुरता उघडत नाही. प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरविणाऱ्या माणसाने अर्ध्या तासाच्या सुटीत जेवण कसे उरकावे? मुकादमाला तो केवळ आळशी वाटतो.

स्तनाच्या कर्करोगात काखेतील ग्रंथी काढल्यावर काही स्त्रियांचा हात सुजतो. ही सूज कित्येक वर्षांनंतरही उद्भवते. त्या हाताला भाजू देऊ नका, जखम होऊ देऊ नका, असे सांगून तिला घरी पाठवितात. घरी चूल असते आणि शेतात खुरपणी. तिच्या कष्टाचा हिशेब पूर्वीही कोणी ठेवला नव्हता, त्यामुळे तिचे बुडालेले कामही कोठे नोंदले जात नाही.

दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा कायदा २०१६ साली झाला. त्याच्या २१ प्रकारांत कर्करोग नाही. स्वरयंत्र काढल्यामुळे गेलेल्या वाचेचा मात्र त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु विश्रांतीनेही न जाणारा थकवा, जो या रुग्णांत सर्रास आढळतो, कोणत्या मोजपट्टीने मोजावा? त्याचा दाखला मिळत नाही. कामगार राज्य विमा विमाधारक कामगाराला दीर्घ आजारात आधार देतो. शेतमजूर आणि फेरीवाला त्याच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांना फेरतपासणीला तर यावेच लागते. त्या दिवशी रुग्णाची मजुरी बुडते, आणि सोबत आलेल्या मुलाचीही.