घरांतील भट्टी आणि तिच्या दुरुस्तीचा खर्च

अमेरिकेच्या उत्तर भागांत व कॅनडांत जीं मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत, त्यांच्या घरीं बहुधा तळघरांत एक यंत्र असतें. त्याला फर्नेस म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ भट्टी. कोंकणांतील घराला पावसाळ्यांत जें महत्त्व छपराचें, तेंच तेथील घराला हिंवाळ्यांत या भट्टीचें. मिनिआपोलिस किंवा विनिपेग येथें जानेवारीच्या रात्रीं पारा शून्याखालीं वीस सेल्शियस अंशांवर उतरला, तर कोणी आश्चर्य मानीत नाहीं. अशा रात्रीं भट्टी थांबली, तर कांहीं तासांतच घर गारठतें आणि पुढें नळांतील पाणी गोठूं लागतें. पाण्याचें बर्फ होतांना त्याचें आकारमान सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. त्यामुळें नळ फुटून भिंती व जमिनी यांची नासाडी होते.

भट्टी बहुधा ऐन कडाक्याच्या थंडींतच बंद पडते, कारण तेव्हांच तिच्यावर सर्वांत अधिक भार असतो. गृहस्थ घाबरलेला असतो, मुलेंबाळें कुडकुडत असतात. अशा वेळीं कोणी आठ हजार डॉलरची नवी भट्टी घ्या म्हणून सांगितलें, तरी मान डोलावली जाते. वास्तविक बंद पडलेल्या भट्टींतील दोष पुष्कळदां लहानसाच असतो. म्हणून खर्चाचा विचार थंडी पडण्यापूर्वीं, शांत चित्तानें केलेला बरा. त्यासाठीं यंत्राचा क्रम प्रथम समजून घ्यावा लागतो. येथें गॅसवर चालणाऱ्या आधुनिक भट्टीचाच विचार केला आहे.

भिंतीवरील थर्मोस्टॅटनें ऊब मागितली, कीं प्रथम एक लहान पंखा सुरू होऊन धुराची वाट मोकळी करतो. वाट मोकळी असल्याची खात्री दाबावर चालणारा एक स्विच करून घेतो. मग इग्नायटर तापून लाल होतो, गॅसची झडप उघडते आणि ज्योत पेटते. ती खरोखर पेटली कीं नाहीं, हें फ्लेम सेन्सर नांवाची एक बारीक दांडी ओळखते. तिला ज्योत जाणवली नाहीं, तर कांहीं सेकंदांतच गॅस आपोआप बंद होतो. ज्योतीचा ताप व धूर हीट एक्स्चेंजर नांवाच्या धातूच्या पोकळ भागांतून जातात आणि त्याच्या बाहेरून मोठा पंखा घरांतील हवा फिरवितो. आंत विषारी धूर, बाहेर श्वासाची हवा, आणि दोहोंमध्यें केवळ एक पातळ पत्रा, अशी ही रचना आहे.

या सांखळींतील एखादा दुवा तुटला, कीं यंत्र थांबतें. कारागिराला बोलावण्यापूर्वीं गृहस्थानें स्वतः पाहण्यासारख्या गोष्टी पांच आहेत. थर्मोस्टॅटमधील बॅटरी संपली आहे काय? भट्टीजवळचें साध्या दिव्यासारखें बटण कोणाच्या हातून बंद झालें आहे काय? विजेचा ब्रेकर पडला आहे काय? हवेची गाळणी धुळीनें तुंबली आहे काय? घराबाहेर निघणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशीं बर्फ सांचलें आहे काय? यांपैकीं एखादें कारण सांपडलें, तर फेरीचे शंभर-दीडशें डॉलर वाचतात. रात्रीं किंवा सुट्टीच्या दिवशीं बोलावल्यास हीच फी बरीच वाढते.

खुद्द दुरुस्तीच्या बिलाचे तीन भाग असतात: फेरी व तपासणीची फी, सुट्या भागाची किंमत आणि मजुरी. गांवपरत्वें आंकडे बदलतात. तरी अमेरिकेंतील साधारण प्रमाण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. फ्लेम सेन्सर साफ करणें किंवा बदलणें हें शंभर ते अडीचशें डॉलरांचें काम. इग्नायटर दीडशें ते चारशेंत बसतो. नियंत्रणाची विद्युत्पट्टिका किंवा मोठ्या पंख्याची मोटर यांना चारशें ते हजार, आणि मोटर नव्या पद्धतीची असल्यास त्याहूनही अधिक पडतात. हीट एक्स्चेंजर बदलावयाचा तर दीड ते साडेतीन हजार. आणि संपूर्ण नवी भट्टी बसविण्यास बहुधा चार हजारांपासून पुढें. म्हणून कोणता भाग बिघडला, त्याची किंमत किती व मजुरी किती, हें काम सुरू होण्यापूर्वींच लेखी मागून घ्यावें. असें विचारण्यांत संकोच कसला?

या सर्वांत हीट एक्स्चेंजरचा प्रश्न निराळा आहे. त्याला चीर पडली, तर कार्बन मोनॉक्साईड हा वायु घरांत शिरूं शकतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. घरांतील अनेकांना एकाच वेळीं डोकेंदुखी, मळमळ, घेरी असा त्रास होऊं लागला, तर थंडीची पर्वा न करतां बाहेर पडावें आणि बाहेरूनच मदत मागावी. प्रत्येक मजल्यावर व शयनगृहांजवळ या वायूची सूचना देणारें यंत्र असलेंच पाहिजे. त्याची किंमत दुरुस्तीच्या एका फेरीहूनही कमी असते. गॅसचा वास आला तरी हाच नियम: बटण लावूं नये, काडी ओढूं नये, आधीं बाहेर पडावें.

परंतु याच भीतीचा कधीं कधीं दुरुपयोगही होतो. चीर पडली आहे असें केवळ तोंडीं सांगून नवी भट्टी विकणारे लोक आहेत. यावर उपाय असा: चिरेचें छायाचित्र मागावें किंवा ती प्रत्यक्ष दाखविण्यास सांगावें, आणि दुसऱ्या कारागिराकडून तपासणी करून घ्यावी. तोंपर्यंत मात्र भट्टी बंदच ठेवावी. ती रात्र शेजाऱ्यांकडे किंवा स्नेह्यांकडे काढावी, आणि नळ गोठण्याची भीति असल्यास पाण्याची मुख्य चावी बंद करून नळ रिकामे करावे. संशय घेणें निराळें आणि धोका पत्करणें निराळें. हीट एक्स्चेंजरला पुष्कळ कंपन्या वीस वर्षांची किंवा त्याहूनही दीर्घ हमी देतात. परंतु ती भागापुरतीच असते, मजुरी तींत सहसा येत नाहीं, आणि बसविल्यावर ठराविक मुदतींत नोंदणी न केल्यास मुदत कमी होऊं शकते. म्हणून ते कागद जपून ठेवावे.

दुरुस्ती कीं नवी भट्टी, हा निर्णय गणितानें करावा. भट्टीचें आयुष्य साधारण पंधरा ते वीस वर्षें. दहा वर्षांच्या भट्टीला तीनशें डॉलर खर्च करणें योग्यच. अठरा वर्षांच्या भट्टीला दोन हजार घालणें बहुधा अयोग्य. नव्या भट्टीनें गॅसची बचत होते, हें खरें. पण ती किती? एखाद्या घराला वर्षाला हजार डॉलरचा गॅस लागतो आणि भट्टीची कार्यक्षमता ऐशीं टक्के आहे असें धरूं. पंच्याण्णव टक्क्यांची भट्टी बसविली, तर तोच खर्च सुमारें आठशें बेचाळीस होईल. म्हणजे बचत वर्षाला एकशें अठ्ठावन्न. सहा हजारांची भट्टी केवळ या बचतीनें फिटावयास अडतीस वर्षें लागतील, आणि तितकें तिचें आयुष्यच नाहीं! म्हणून जुनी भट्टी नीट चालत असतां केवळ बचतीच्या आशेनें ती काढून टाकण्यापूर्वीं असा हिशेब कागदावर मांडून पाहावा. जुनी भट्टी साठ टक्क्यांची असेल, तर मात्र हींच अडतीस वर्षें सोळांवर येतात.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती म्हणजे वेळेवर घेतलेली काळजी. गाळणी एक ते तीन महिन्यांनीं बदलावी. दरवर्षीं सप्टेंबर-ऑक्टोबरांत, कारागिरांना सवड असते तेव्हां, भट्टीची तपासणी करून घ्यावी. पाण्याची मुख्य चावी कोठें आहे, हें घरांतील प्रत्येकाला ठाऊक असावें. आणि भट्टी दहा वर्षांची झाली, कीं दरमहा थोडी रक्कम तिच्या नांवानें बाजूला ठेवावी. असें केलें असतां ऐन थंडीच्या रात्रीं गृहस्थाला कारागिराशीं पैशाच्या धास्तीनें नव्हे, तर माहितीच्या आधारानें बोलतां येतें.