द्राक्षं, बेदाणे आणि चिंच : कुत्र्याला 'एकच' दिलं तर?

आज एका व्हॉइस नोटवर बोलूया. प्रश्न असा आहे : "आमचा लॅब दर सीझनला द्राक्षं खातो, त्याला काहीच होत नाही. मग सगळे एवढे घाबरवतात का?"

उत्तर आधी सांगतो. द्राक्षं बंद. एकसुद्धा नको.

आता कारण. द्राक्षं खाऊन कुत्र्यांच्या किडन्या निकामी होतात, हे प्राण्यांच्या डॉक्टरांना वीसेक वर्षांपासून माहीत आहे. पण नेमकं कशामुळे, हे कोडंच होतं. मग 2021 मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या डॉक्टरांनी एक धागा पकडला. एका कुत्र्यानं मुलांच्या खेळण्यासाठी घरी मळलेली कणीक खाल्ली होती. तिच्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, आणि कुत्र्याला झालेला त्रास अगदी द्राक्षं खाल्ल्यासारखा! त्यावरून संशय गेला टार्टारिक आम्लावर. द्राक्षात ते भरपूर असतं.

आणि अजून कशात असतं? आपल्या चिंचेत! चिंच खाऊन कुत्र्यांच्या किडनीला इजा झाल्याच्या केसेसही नंतर नोंदवल्या गेल्यात. म्हणजे आमटीसाठी भिजवलेला चिंचेचा कोळ ओट्याच्या कडेला ठेवत असाल, तर तो आत सरकवा.

आता त्या लॅबचं बघू. हे आम्ल प्रत्येक घडात सारखं नसतं. जात बदलली, पिकण्याची वेळ बदलली की प्रमाण बदलतं. शिवाय एक कुत्रा पचवतो, दुसरा त्याच मापात आजारी पडतो. त्यामुळे 'इतकी चालतील' असा आकडा कुणीच देऊ शकत नाही. मागच्या वर्षी काही झालं नाही, याचा या वर्षीच्या घडाशी काही संबंध नाही. साल काढूनही उपयोग नाही.

खरं सांगू का, मला द्राक्षांपेक्षा बेदाण्यांची जास्त भीती वाटते. पाणी उडालेलं असतं, त्यामुळे मूठभर बेदाणे म्हणजे मूठभर द्राक्षांपेक्षा कितीतरी जास्त. आणि ते लपलेले असतात. शिऱ्यात, खिरीत, दिवाळीच्या चिवड्यात. पाहुणे प्रेमानं भरवतात, आपल्याला पत्ताच नसतो.

बाकी फळांचं थोडक्यात : आंब्याचा गर थोडासा चालतो, कोय नाही, ती आतड्यात अडकते. सफरचंद बिया काढून. केळं, कलिंगड, पपई बिनधास्त, पण चवीपुरतं.

आणि खाल्लीच द्राक्षं तर? लक्षणांची वाट बघू नका. उलट्या साधारण पहिल्या दिवसात सुरू होतात. किडनीचा त्रास एक ते तीन दिवसांत दिसतो, लघवी कमी होते. तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या काही तासांत डॉक्टर औषध देऊन उलटी करवू शकतात. घरी मिठाचं पाणी पाजू नका हां, मिठाचीच विषबाधा होते. थेट फोन लावा आणि तीन गोष्टी सांगा : कुत्र्याचं वजन, किती खाल्लं, किती वाजता खाल्लं.