दवाखान्याचे बिल कोणी भरायचे?
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण कापसाच्या भावाबद्दल बोललो, ज्वारीबद्दल बोललो, कर्जाबद्दल बोललो. एका गोष्टीबद्दल कोणी बोलले नाही. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरात गेल्या दोनतीन वर्षांत दवाखान्यासाठी जनावर, दागिना किंवा जमिनीचा तुकडा विकला गेला, त्यांनी हात वर करा. करा, लाजू नका. पाहा, मागच्या रांगेपर्यंत हात आहेत. माझाही आहे. वडिलांना तालुक्याच्या गावी नेले तेव्हा त्यांना खाटेवर घेण्याआधी अनामत मागितली गेली. कापूस घरात होता, पण मोजणी झालेली नव्हती. बैलजोडी गेली. पुढच्या हंगामात वखरपाळी भाड्याने करून घेतली आणि पेरणीला आठ दिवस उशीर झाला. त्या आठ दिवसांची किंमत कोरडवाहू शेतकऱ्याला मी समजावून सांगायला नको.

आज मी तुम्हाला आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची गोष्ट सांगणार आहे. ते लोक कॅनडातले, सस्कॅचवान नावाच्या प्रांतातले. कॅनडा म्हटले की श्रीमंत देश डोळ्यांसमोर येतो. हा प्रांत तसा नव्हता. गव्हाचे कोरडवाहू पीक. पाऊस बर्फ धरून वर्षाला पंधरा इंचांच्या आसपास, म्हणजे मराठवाड्यापेक्षाही कमी. थंडी अशी की हिवाळ्यात दारातून पाय बाहेर काढणे मुश्किल. गावे दूरदूर आणि डॉक्टर त्याहून दूर.

१९१५ साली तिथल्या सार्निया नावाच्या भागातला एकुलता एक डॉक्टर निघून जायच्या बेतात होता. तिथली स्थानिक पंचायत आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा मोठी आणि तालुक्यापेक्षा लहान असे. पंचायतीच्या शेतकऱ्यांनी ठरवले की जमिनीच्या करातून त्याला वर्षाला दीड हजार डॉलर द्यायचे, पण त्याला जाऊ द्यायचे नाही. कायद्यात अशी सोय नव्हती. लोकांनी आधी केले आणि सरकारने १९१६ साली मागून कायदा केला. हा क्रम ध्यानात ठेवा. सुरुवात राजधानीतून झाली नाही, बांधावरून झाली.

मग १९३० चे दशक आले. गव्हाचा भाव कोसळला आणि त्यातच सलग दुष्काळ. १९३७ साली प्रांताची सरासरी एकरी पाऊण क्विंटलसुद्धा भरली नाही. माती वाऱ्यावर उडून जात होती. शेतकऱ्याकडे पैसा नाही म्हणून डॉक्टरकडेही नाही. फी म्हणून कोंबड्या, बटाटे, सरपण घ्यायची वेळ डॉक्टरांवर आली. १९३९ साली मॅट अँडरसन नावाच्या, नॉर्वेहून आलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या पंचायतीत माणशी पाच डॉलर वर्गणीची योजना कायद्यात बसवून घेतली. आजारी पडा वा न पडा, पाच डॉलर द्यायचे, आणि आजारी पडला तर डॉक्टर व दवाखाना दोन्ही मिळायचे.

१९४४ च्या निवडणुकीत तिथे शेतकरी-कामगारांचा पक्ष ५२ पैकी ४७ जागा घेऊन आला. मुख्यमंत्री झाले टॉमी डग्लस. मूळचे धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाचे हाड सडले होते. आईबापाजवळ पैसे नाहीत म्हणून पाय कापायची पाळी आली. एका शल्यचिकित्सकाने विद्यार्थ्यांना दाखवायला केस चांगली म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली आणि पाय वाचला. डग्लस जन्मभर विचारत राहिले की माझा पाय वाचला तो नशिबाने. ज्याचे नशीब नाही त्याने काय करायचे?

त्याच वर्षी डग्लस यांनी हेन्री सिगरिस्ट या विद्वानाला बोलावून प्रांताच्या आरोग्याची पाहणी करून घेतली. हेच सिगरिस्ट १९४४ च्या अखेरीला हिंदुस्थानात आले, आपल्या भोर समितीला सल्ला द्यायला. भोर समितीचा अहवाल १९४६ चा. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. सल्लागार तोच, काळ तोच. तिकडे १ जुलै १९४६ ला स्विफ्ट करंट भागात डॉक्टर आणि दवाखाना दोन्हींची योजना सुरू झाली, १ जानेवारी १९४७ ला सगळ्या प्रांतासाठी दवाखान्याचा विमा आला: माणशी पाच डॉलर, कुटुंबाला जास्तीत जास्त तीस. इकडे अहवाल कपाटात गेला.

आता मुद्द्याचे बोलू. ‘एकच पैसे देणारा’ म्हणजे काय? सरकारी दवाखाना नव्हे. इथे आपला नेहमी घोटाळा होतो. सरकारी दवाखाना म्हटला की कुलूप लावलेले उपकेंद्र आठवते. तिथे डॉक्टर खासगीच राहिला. स्वतःचा दवाखाना, स्वतःची वेळ. रोगी आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडे जातो. फक्त बिल रोग्याकडे न येता एका खजिन्याकडे जाते. त्या खजिन्यात सगळ्यांनी कर आणि वर्गणी भरलेली असते आणि दर डॉक्टरांशी बोलून ठरतो.

‘एकच देणारा’ हे शब्द ऐकून कापूसवाल्यांच्या कपाळावर आठी पडली असेल. पडायलाच हवी. कापूस एकाधिकार योजना १९७२ साली आली तेव्हा आपणही टाळ्या वाजवल्या होत्या. व्यापारी लुबाडणार नाही, एकच खरेदीदार, तोही सरकार! पुढे काय झाले? मोजणीला आठ-आठ दिवस रांगेत गाड्या, प्रतवारीत मारामार, चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने हेलपाटे, आणि शेजारच्या राज्यात भाव बरा म्हणून रात्रीची चोरटी वाहतूक. एकच खरेदीदार विकणाऱ्याला कसा दाबतो हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

म्हणून १९६२ साली तिथले डॉक्टर संपावर का गेले हे मला समजते. १९६० ची निवडणूक डग्लस यांनी याच प्रश्नावर लढवली आणि जिंकली. नंतर ते देशाच्या राजकारणात गेले. कायदा अमलात आणायची वेळ वुड्रो लॉइड या जुन्या शिक्षकावर आली. १ जुलै १९६२ ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. तातडीच्या रोग्यांसाठी मोजकी इस्पितळे चालू होती. पहिल्याच दिवशी एक तान्हे मूल मेनिंजायटिसने गेले. आईबाप उघडा दवाखाना शोधत गाडी पळवत राहिले आणि मूल वाटेत दगावले. लोकांत फूट पडली. ‘आमचे डॉक्टर वाचवा’ म्हणून समित्या निघाल्या, त्यात लेकुरवाळ्या आयाही होत्या. त्यांना मी वेडे म्हणणार नाही. डॉक्टर निघून गेला तर पोराला दाखवायचे कुठे, ही भीती खरीच होती. ११ जुलैला विधानसभेवर तीस-चाळीस हजारांचा मोर्चा येणार असा गाजावाजा झाला. आले चार-पाच हजार. इंग्लंडहून डॉक्टर आणले गेले. काही गावांनी वर्गणी काढून स्वतःचे दवाखाने उभे केले. तेविसाव्या दिवशी, २३ जुलैला, सॅस्कटूनला समझोता झाला. डॉक्टर पगारी नोकर होणार नाहीत, कामाप्रमाणे फी घेतील, योजनेबाहेर राहायचे असेल त्याला राहता येईल. ज्याला एकाच गिऱ्हाइकाला विकायचे त्याने भांडून अटी करून घेतल्या. कापसात आपण ते करून घेतले नाही, ही आपली चूक.

पण एक फरक पाहा. कापसात आपण विकणारे. दवाखान्यात आपण घेणारे, आणि तेही कसे? रोगी तिथे भाव करू शकत नाही. बाईला कळा सुरू झाल्यावर कोणी दुसऱ्या दुकानात दर विचारायला जात नाही. कापूस आठ दिवस घरात ठेवता येतो, अपेंडिक्स ठेवता येत नाही. खुल्या बाजाराचा आग्रह धरणाऱ्या माझ्यासारख्यालाही इथे थांबून विचार करावा लागतो.

पुढची हकीकत थोडक्यात. १९६४ ला लॉइड यांचा पक्ष हरला. नवे सरकार विरोधकांचे, तरी योजना मोडायची हिंमत त्यांना झाली नाही. १९६८ ला मात्र त्यांनी प्रत्येक भेटीला दीड डॉलर फी लावली, लोक उगाच डॉक्टरकडे जातात म्हणून. उगाच जाणारे थांबले की नाही देव जाणे. गरिबांचे जाणे कमी झाले, म्हातारे मागे राहिले. १९७१ ला ती फी निघाली. देशाचा कायदा १९६६ चा. १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. १९८४ च्या कायद्याने वरून जादा पैसे मागणे बंद केले.

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर मी पुढाऱ्यासारखा होईन. तिथे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला महिनोन्‌महिने थांबावे लागते. दात आणि घरी घ्यायची औषधे मूळ योजनेत नव्हतीच. आणि सर्वांत मोठी गोष्ट: १९९३ साली खजिना रिकामा झाला तेव्हा याच सस्कॅचवानमध्ये, डग्लस यांच्याच परंपरेतल्या पक्षाच्या सरकारने ५२ लहान ग्रामीण इस्पितळांचा खाटांचा पैसा बंद केला. ज्या गावांनी योजना जन्माला घातली त्यांच्याच दारची इस्पितळे गेली. पैसा एका हातात गेला की कात्रीही त्याच हातात जाते. मुख्यमंत्री होते रॉय रोमानो. पुढे २००२ साली त्यांनीच देशाच्या आयोगाचे प्रमुख म्हणून अहवाल दिला की एकच देणारा हीच पद्धत ठेवा! अमेरिकेत व्हरमॉंट राज्याने २०११ ला असा कायदा केला आणि २०१४ ला कराचा आकडा पाहून सोडून दिला. तेव्हा फुकट काही नाही. सस्कॅचवानच्या शेतकऱ्याने पैसे दिले, पण धडधाकट असताना थोडेथोडे दिले. आपण देतो ते आजारी पडल्यावर, एकदम, बैल विकून.

कोणी म्हणेल, आता आपल्याकडे महात्मा फुले योजना आहे, पाच लाखांचे कार्ड आहे. आहे, आणि ज्यांना तिचा उपयोग झाला त्यांनी तो सांगावा. पण ती मुख्यतः दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांची. साखर, रक्तदाब, तापाच्या गोळ्या, तपासण्या, जायचे-यायचे भाडे या रोजच्या गळतीला ती पुरत नाही. सरकारच्याच हिशेबात २०२१-२२ साली देशाच्या आरोग्यखर्चातल्या शंभर रुपयांपैकी सुमारे ३९ रुपये लोकांनी खिशातून भरले.

सरकारकडे मागणी करायची की नाही, यावर आपल्यात दोन मते आहेत आणि दुपारी त्यावर भांडण होईल, व्हावे. माझे मत असे की पैसा एका ठिकाणी गोळा व्हायला हरकत नाही, पण इस्पितळ ठेवायचे की बंद करायचे हे त्या भागातल्या लोकांना विचारल्याशिवाय ठरता कामा नये. ही अट आधी लिहून घेतल्याशिवाय मी सहीला हात लावणार नाही.

भांडायला आकडे लागतात. मागच्या टेबलावर तालुकावार कोरे कागद ठेवले आहेत. प्रत्येक गावच्या माणसांनी आपल्या ओळखीच्या दहा घरांत जाऊन गेल्या वर्षी दवाखान्याला किती गेले, त्यासाठी काय विकले आणि कर्ज काढले तर कोणाकडून, एवढे लिहून आणायचे. घरातल्या बाईला आधी विचारा, पुरुषाला हा आकडा बहुधा ठाऊक नसतो. पुढच्या बैठकीला कागद घेऊन या.