मोबाईलच्या बिलाला घराची मर्यादा
(बेडसे येथील सभेत केलेले भाषण)



कार्यकर्त्यांनी मला घरखर्चावर बोलावयास सांगितले आहे. किराणा, मुलांची फी, दवाखाना यांवर आपण नेहमीच बोलतो. मी आज महिनाअखेर येणाऱ्या मोबाईलच्या बिलावर बोलणार आहे. रक्कम लहान वाटते म्हणून तिचा हिशेब कोणी ठेवत नाही. परंतु घरात तीन-चार फोन झाले की तीच रक्कम बचत गटाच्या हप्त्याहून मोठी होते.

चाळिशीच्या पुढील मंडळींना एस.टी.डी. बूथ आठवत असेल. काचेच्या खोलीत समोर मीटर असे आणि त्याचे लाल आकडे भराभर पुढे सरकत. खिशात वीस रुपये असले आणि आकडा अठरावर आला, की माणूस आपोआप 'बरं, ठेवतो' म्हणे. मर्यादा पाळायला कुणी शिकवले नव्हते. मीटर डोळ्यांसमोर होते एवढेच. पुढे ३१ जुलै १९९५ रोजी आपल्या देशात मोबाईल सेवा सुरू झाली. त्या काळी आलेल्या फोनलाही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले. फोन स्वस्त झाला, घरोघरी पोचला. मात्र मीटर नजरेआड झाले.

आज देशात बहुतेक सिमकार्डे प्रीपेड आहेत. प्रीपेडमध्ये पैसे आधी द्यावे लागतात, म्हणून मर्यादा आपोआप पडते. पोस्टपेडमध्ये आधी वापर आणि मग बिल. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत नोकरीस असलेले, लोणावळ्याला पर्यटकांच्या गाड्या चालविणारे, लहान धंदा करणारे असे आपले अनेक बांधव पोस्टपेड घेतात. त्यात वाईट काही नाही. परंतु पोस्टपेड म्हणजे उधारी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे.

आता मुख्य मुद्दा सांगतो. प्रत्येक पोस्टपेड ग्राहकासाठी कंपनी एक 'क्रेडिट लिमिट' ठरविते. पुष्कळांचा समज असा, की ही मर्यादा आपल्या भल्यासाठी आहे. वाणी आपल्या खात्यावर किती उधारी होऊ देतो? आपले पैसे बुडणार नाहीत असे त्याला वाटते तोपर्यंत. आपल्या घराला किती झेपते, याचा विचार त्याने करावा अशी आपण अपेक्षा धरत नाही. कंपनीची मर्यादा अशीच आहे. ती तिच्या पैशाचे रक्षण करते. आपल्या पगाराचे रक्षण करणारी मर्यादा आपणच ठरविली पाहिजे.

कायद्याने आपल्याला काही आधार दिला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २००५ साली कंपन्यांना निर्देश दिला, की पोस्टपेड ग्राहकास त्याची क्रेडिट लिमिट सांगितली पाहिजे आणि वापर त्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर गेला की तसे कळविले पाहिजे. ब्रिटनमध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. तेथे १ ऑक्टोबर २०१८ पासून, बिल किती रकमेच्या वर जाऊ नये हे ठरविण्याची संधी कंपनीने ग्राहकालाच द्यावी लागते, आणि ग्राहकाची संमती नसेल तर त्या मर्यादेपलीकडचा आकार त्याच्या माथी मारता येत नाही. युरोपीय संघाने २०१० पासून परदेशातील इंटरनेट वापरावर ५० युरोची मर्यादा घातली. ग्राहकाने वेगळे सांगितले नाही तर तेथे सेवा थांबते. ग्राहकाने स्वतः मर्यादा ठरविणे हा तेथे हक्क झाला. आपणही तसा हक्क मागितला पाहिजे.

बिल फुगते कुठे, तेही पाहू. जाहिरातीत ४९९ रुपये लिहिलेले असतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ रुपये होतात. त्यानंतर घरातील जादा जोडण्या, पॅकबाहेरचा डेटा, परदेशी केलेला फोन येतो. आखातात नोकरीस गेलेल्या मुलाने पॅक न घेता तेथे इंटरनेट चालू ठेवले, तर घरी मोठे बिल येऊ शकते. शिवाय गाणी, खेळ, ज्योतिष अशा सेवा लहान मुलाच्या बोटानेही सुरू होतात. अशी सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घेतली पाहिजे, असा ट्रायचा नियम आहे. नको असलेली सेवा १५५२२३ या क्रमांकावरून बंद करता येते.

बिल थकले की नुकसान पैशापुरते राहत नाही. आधी जाणारे फोन बंद होतात, मग येणारेही. गाडी चालविणाऱ्याचा फोन बंद म्हणजे त्याची वर्दी गेली, दिवसाची कमाई गेली. थकबाकी असेल तर नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाण्याचा अर्जही नाकारला जातो.

म्हणून माझी विनंती आहे, की प्रत्येक घराने पुढील गोष्टी कराव्यात. महिन्याला फोनवर किती खर्च करायचा, हे घरातील सर्वांनी बसून ठरवावे. त्यात गृहिणीचे मत घ्यावे, कारण कमी पडले की काटकसर तिलाच करावी लागते. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपली क्रेडिट लिमिट विचारावी आणि ती आपल्या आकड्यापर्यंत खाली आणण्याची मागणी करावी. ती मान्य झाल्यास लेखी संदेश जपून ठेवावा. गरज नसेल तर परदेशी फोन व परदेशी रोमिंग बंद ठेवावे. महिन्याच्या मध्यावर एकदा चालू बिल पाहावे. आणि तरीही ताळमेळ बसत नसेल, तर प्रीपेड करून घेण्यात कमीपणा मानू नये.

बिल चुकीचे वाटले तर घाबरून भरू नका आणि रागाने फेकूनही देऊ नका. कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. टेलिफोनचे तंटे ग्राहक आयोगापुढे नेता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणास तेथे शुल्क नाही. तरुणांनी वडीलधाऱ्यांचे अर्ज लिहून द्यावेत. समाजकार्य यालाही म्हणतात.

या गावाच्या डोंगरात दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राने केलेले दान तेथे दगडावर नोंदलेले आहे. कोणी दिले, हे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते. आपल्या घरातून दरमहा कोणाला किती जाते, हे निदान भिंतीवरच्या कॅलेंडरवर तरी लिहिलेले असावे. पुढच्या बचत गटाच्या बैठकीला प्रत्येक भगिनीने घरचे मागील महिन्याचे बिल घेऊन यावे. ते सर्वांनी मिळून ओळीने वाचावे. ज्या आकाराचा अर्थ लागणार नाही, त्याची त्याच दिवशी विचारणा करावी. एवढे झाले तरी माझे येथे येणे सार्थकी लागेल.