पाच गुणांचं अंतर

श्रोतेहो, खेळाचा निकाल एका ओळीत मावतो. राफेल नदालनं रॉजर फेडररला ६-४, ६-४, ६-७, ६-७, ९-७ असं हरवलं. ६ जुलै २००८ रोजी झालेल्या विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्याची नोंद एवढीच. पण टेनिसवर जीव असलेली दोन माणसं भेटली आणि त्यातला एक फेडररचा, दुसरा नदालचा निघाला, की तो सामना पहिल्या गुणापासून पुन्हा सुरू होतो. इतकी वर्षं झाली, तरी तो संपत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. फेडरर तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. २००३ ते २००७ अशी सलग पाच विजेतेपदं मिळवून त्यानं बियाँ बोर्गची बरोबरी साधली होती. हिरवळीवर सलग पासष्ट सामने तो हरला नव्हता. नदाल बावीस वर्षांचा, डावखुरा. लाल मातीचा राजा म्हणून त्याची ख्याती. पण विम्बल्डनच्या २००६ आणि २००७च्या अंतिम फेरीत फेडररकडूनच हरलेला. मात्र या वेळी चारच आठवड्यांपूर्वी पॅरिसमध्ये त्यानं फेडररला ६-१, ६-३, ६-० असं अक्षरशः धुतलं होतं.

सामना पावसामुळे उशिरा सुरू झाला. पहिले दोन सेट नदालनं घेतले. तिसऱ्यात पुन्हा पाऊस आला आणि खेळ तासाहून अधिक थांबला. परतल्यावर फेडररनं तो सेट टायब्रेकवर खेचून घेतला. चौथाही टायब्रेकवर गेला. नदाल ५-२ असा पुढे, सर्व्हिस त्याची, विजेतेपद दोन गुणांवर. आणि तिथं त्यानं दुहेरी चूक केली. एवढ्या धीराच्या मुलाचा हातही थरथरतो, हे जगानं पाहिलं.

नेमकी त्याच सुमारास आमच्याकडे वीज गेली. पावसाळ्याचे दिवस, रात्री बाराची वेळ. मी फेडररचा. अब्बा अंधारात नुसते विचारत राहिले, “आता किती झाले?” माझा धाकटा भाऊ तेव्हा पुण्यात नोकरीला होता आणि कट्टर नदालचा. त्याला फोन लावला. पुढचा खेळ त्यानंच आम्हाला ऐकवला.

७-६, नदालचा चॅम्पियनशिप पॉइंट. फेडररनं सर्व्हिसच्या जोरावर तो वाचवला. ७-७ला नदालनं धावत जाऊन रेषेलगत फोरहँड मारला. पुन्हा चॅम्पियनशिप पॉइंट, ८-७, आणि आता सर्व्हिस नदालची. भाऊ क्षणभर गप्प झाला आणि मग ओरडला, “भाईजान, मारला! काय मारलाय!” मला वाटलं, संपलं. मी विचारलं, “कुणी?” तो म्हणाला, “तुमच्या फेडररनं!”

रेषेला समांतर गेलेला तो बॅकहँड पुढे मी कितीदा तरी पडद्यावर पाहिला. पण माझ्या आठवणीत तो आहे भावाच्या आवाजात. त्या फटक्यानं त्याच्या तोंडचा घास गेला होता, तरी त्याची दाद माझ्याआधी त्यानं दिली.

टायब्रेक फेडररनं १०-८ असा घेतला. वीज आली. पाचव्या सेटमध्ये २-२वर पुन्हा पाऊस आला. मग अंधारत चाललेल्या सेंटर कोर्टवर दोघं खेळत राहिले. ७-७ला फेडररची सर्व्हिस भेदली गेली. लंडनमध्ये रात्री नऊ वाजून सोळा मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे पावणेदोनच्या सुमारास, त्याचा फोरहँड जाळ्यात गेला. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटांत एकूण ४१३ गुण खेळले गेले. नदालचे २०९, फेडररचे २०४. विजेता आणि पराभूत यांच्यात पाच गुणांचं अंतर!

असा सामना पुन्हा होणे नाही, असं आपण उगाचच म्हणत असतो. इथं मात्र ते शब्दशः खरं आहे. २००९मध्ये सेंटर कोर्टवर सरकतं छत आलं; त्यामुळे आता पाऊस आणि अंधार, दोन्ही खेळाबाहेर आहेत. २०२२पासून शेवटच्या सेटमध्येही ६-६ला टायब्रेक होतो. ९-७ हा आकडा आता फलकावर लागूच शकत नाही.

पेशवाईच्या अखेरीला होनाजी आणि सगनभाऊ हे दोन शाहीर एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. एक गवळी, दुसरा मुसलमान शिकलगार. त्यांच्या चाहत्यांचेही तट पडले असतील, रात्र रात्र वाद रंगले असतील. आज आपण दोघांची नावं एका दमात घेतो. फेडरर-नदाल यांचंही तेच झालं. दोघं चाळीस सामने खेळले. चोवीस नदालनं जिंकले, सोळा फेडररनं. आणि २०२२च्या सप्टेंबरमध्ये लंडनलाच फेडरर शेवटचा सामना खेळला, तो दुहेरीचा, नदालला जोडीला घेऊन. सामना हरल्यावर दोघं शेजारी बसून रडत होते. निवृत्त होत होता एकटा फेडरर.

२०२४च्या नोव्हेंबरमध्ये मालागाला नदाल थांबला. फेडररनं त्याला जाहीर पत्र लिहिलं होतं. ते मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. अब्बा आता नाहीत. पण ‘किती झाले’ असं विचारणारं कुणीतरी त्या फोनवर आमच्यासोबत होतं, असं मला वाटत राहिलं.

श्रोतेहो, कुणाची तरी बाजू घेतल्याशिवाय खेळ पाहण्यात गोडी नाही. बाजू जरूर घ्यावी, भांडावंही. फक्त समोरच्याचा फटका सुरेख बसला, की तोंडून ‘वाहवा’ निघायला उशीर होऊ नये. निकालानंतर माझ्या भावाकडे एक विजय होता आणि माझ्याकडे एक पराभव. आज आम्हा दोघांकडे तो एकच सामना आहे.