पगार मालकाचा की गिऱ्हाइकाचा?

खुशीने दिलेल्या पैशाला आपल्या भाषेत नावांची वाण नाही. बक्षीस म्हणा, बक्षिशी म्हणा, चहापाणी म्हणा. दिवाळीत टपालवाल्याच्या हातावर ठेवतो ते पोस्त. नावे वेगळी, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी. हे पैसे हक्काने मागता येत नाहीत, आणि ते दिले नाहीत म्हणून कुणाची चूल विझावी अशी अपेक्षा नसते. तालुक्याच्या गावी स्टँडसमोरच्या हॉटेलात बिलाबरोबर बडीशेपेची बशी येते. उठताना आपण तीत पाच-दहा रुपये ठेवतो, कधी ठेवीत नाही. वेटरचा पगार मालकाने ठरवलेला असतो. तो पुरेसा असतो का, हा प्रश्न निराळा, आणि बहुधा तो नसतोच. पण तो देण्याची जबाबदारी गल्ल्यावर बसलेल्या माणसाची आहे, याबद्दल आपल्या मनात शंका नसते.

अमेरिकेत मात्र नेमकी याच गोष्टीवर शंभर वर्षांहून अधिक काळ भांडणे चालली आहेत. लोकांनी मते दिली, कायदे झाले, कायदे मोडीत निघाले, आणि तरी प्रश्न आहे तिथेच आहे. तो प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. दूर देशचा म्हणून तो सोडून देऊ नका. आपल्या गावगाड्यातही तो एकदा येऊन गेलेला आहे. ते पुढे सांगतो.

अमेरिकेत हॉटेलात जेवलात की बिलाच्या खाली एक रिकामी ओळ असते. तिथे टिपेचा आकडा आपण लिहायचा. शंभराला पंधरा ते वीस ही तिथली रीत. म्हणजे पन्नास डॉलरचे बिल झाले तर आणखी दहा डॉलर. कायद्याने सक्ती नाही, पण न देणारा माणूस तिथे उर्मट ठरतो. असे का, तर वाढणाऱ्याचा पगारच मुळी त्या ओळीवर अवलंबून आहे, हे सगळ्यांना माहीत असते.

ही रीत तिथे मुळातली नव्हे. एकोणिसाव्या शतकात श्रीमंत अमेरिकन युरोपची यात्रा करून आले, तेव्हा इतर नवलाईबरोबर ही चाल घेऊन आले. लोकशाही देशात एका माणसाने दुसऱ्यापुढे नाणे टाकावे आणि दुसऱ्याने ते वाकून घ्यावे, याची पुष्कळांना त्या वेळी चीड आली. १९०९ साली वॉशिंग्टन राज्याने टिप देण्याघेण्याविरुद्ध कायदाच केला. आणखी पाच राज्ये त्याच वाटेने गेली. पण १९२६ पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले. कुणी पाळतच नव्हते, बरं का!

पण ही चाल टिकली ती केवळ हौसेमुळे नाही. यादवी युद्धानंतर तिथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि लक्षावधी काळी माणसे कामाच्या शोधात निघाली. रेल्वेचे झोपायचे डबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीने त्यांतले हजारो लोक पोर्टर म्हणून नेमले. बिछाने घालायचे, बूट पुसायचे, सामान उचलायचे. पगार अगदी तुटपुंजा. बाकीचे प्रवाशांकडून मिळवा, असा हिशोब. प्रवासी त्यांतल्या कुणालाही ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन. स्वतःचे नावदेखील नाही. आणि हसतमुख राहणे तर भागच होते, कारण पोट त्या हसण्यावर होते. १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली या पोर्टरांनी संघटना बांधली आणि बारा वर्षे झगडून १९३७ साली कंपनीला करार करायला लावला. त्यांना हवा होता ठरलेला पगार, आणि तोही कंपनीकडून.

पुढच्याच वर्षी, १९३८ साली, तिथे किमान वेतनाचा कायदा झाला. हॉटेलातले कामगार मात्र त्याच्या बाहेर राहिले. १९६६ च्या दुरुस्तीने ते आत आले, पण एका खास सवलतीसह. ती सवलत कामगाराला नाही, मालकाला. वाढणाऱ्याला जी टिप मिळते, तिचा काही भाग मालकाने दिलेल्या वेतनात जमा धरायचा.

आता हा हिशोब जरा सावकाश पाहू. गुरुजी मंडळींनी तो फळ्यावर मांडायलाही हरकत नाही. सातवीची मुले सहज करतील. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन तासाला ७ डॉलर २५ सेंट. हा आकडा २००९ पासूनचा. पण टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या पदरचे द्यायचे ते फक्त २ डॉलर १३ सेंट, आणि हा आकडा तर १९९१ पासून जागचा हललेला नाही. एवढ्या वर्षांत घरभाडे वाढले, दूध वाढले, पाव वाढला. हे २ डॉलर १३ सेंट तसेच. कित्येक राज्यांनी आपापल्या कायद्याने जास्त दर ठरवला आहे. कॅलिफोर्नियासह सात राज्यांत तर टिप मिळो वा न मिळो, मालकाला पुरते किमान वेतन द्यावेच लागते. पण टेक्सासमध्ये, उदाहरणार्थ, आजही २ डॉलर १३ सेंटच.

समजा, टेक्सासमधल्या वाढणाऱ्या बाईने आठवड्याला चाळीस तास काम केले. किमान वेतनाने तिला मिळायला हवेत २९० डॉलर. मालकाने द्यायचे ८५ डॉलर २० सेंट. राहिले २०४ डॉलर ८० सेंट. ते टिपेतून यावेत ही अपेक्षा. कमी पडले तर फरक मालकाने भरायचा, असे कायदा सांगतो. आता गंमत पाहा. गिऱ्हाइकांनी आठवडाभरात १५० डॉलर टिप दिली, तर मालकाने ५४ डॉलर ८० सेंट घालायचे आणि बाईंना मिळणार २९०. गिऱ्हाइकांनी दोनशे दिले, तर मालकाने फक्त ४ डॉलर ८० सेंट घालायचे, आणि बाईंना मिळणार तेच २९०. मग ते वरचे पन्नास डॉलर गेले कुणाच्या खिशात? देणाऱ्याला वाटते आपण बाईला दिले. खरे म्हणजे मालकाचे तेवढे वाचले. २०४ डॉलर ८० सेंटांच्या पुढे जे पडेल, तेच तिचे खरे बक्षीस. आणि कमी पडलेला फरक मालकाकडून मागायला जायचे, तर ज्याच्या हाती उद्याची पाळी लावणे आहे त्याच्याशीच भांडायचे. ते किती जणी करतील, याची कल्पना रोजावर कामाला जाणाऱ्या कुणालाही येईल.

इथे गावगाड्याची आठवण होते. पूर्वी आपल्याकडे महार वतनदार हा सरकारचा नोकर. निरोप, टपाल, सरकारी खजिना, चोराचा माग, रात्री-अपरात्री अंमलदाराची सरबराई, सगळे त्याच्याकडे. पण सरकारकडून रोकड पगार नावालाच. थोडी वतनी जमीन, आणि बाकीचे कुणब्यांकडून खळ्यावर मिळणारे बलुते. हुकूम सरकारचा आणि दाणा गावाचा! मग गावाची मर्जी मोडली, कुणी ताठ मानेने बोलला, की बलुते बंद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दुखणे नेमके ओळखले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. त्यात एक सूचना अशी होती, की बलुत्याचे रूपांतर रोख पट्टीत करावे आणि ती सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करून द्यावी. म्हणजे कामगाराने दारोदार उभे राहायला नको. ते विधेयक पुढे जाऊ शकले नाही. ही कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन करण्याचा कायदा झाला तो १९५८ सालचा, तीस वर्षांनी. जातीचे ओझे असलेली आपली ही कथा आणि हॉटेलातल्या टिपेची कथा एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण काम एकाचे आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर, हा धागा दोन्हीकडे दिसतो.

मर्जी म्हटली की तिच्याबरोबर बाकीचेही येते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या मायकेल लिन नावाच्या प्राध्यापकांनी आपली हयात या टिपेच्या अभ्यासात घालवली. त्यांच्या पाहणीत असे आले, की वाढणाऱ्याने सेवा किती चांगली केली याचा टिपेशी संबंध फारच थोडा. आणि गोऱ्या वाढणाऱ्यांपेक्षा काळ्या वाढणाऱ्यांना, सेवा तशीच असताना, टिप कमी मिळते.

तुम्ही म्हणाल, मग ही पद्धत बंद का करीत नाहीत? इथेच गाठ पडते. बंद करायला पुष्कळदा वाढणाऱ्यांचाच विरोध असतो! २०१६ साली मेन राज्यातल्या मतदारांनी कौल दिला की टिप मिळवणाऱ्यांचे मूळ वेतन हळूहळू पूर्ण किमान वेतनापर्यंत न्यावे. पुढच्या वर्षी वाढपी मंडळी स्वतः विधानसभेत जाऊन म्हणाली, आम्हांला हे नको. आणि जुनी पद्धत परत आली. राजधानी वॉशिंग्टन शहरात २०१८ साली असाच कौल झाला, काही महिन्यांत नगरपरिषदेने तो फिरवला. २०२२ साली लोकांनी पुन्हा तोच कौल दिला, आणि २०२५ साली परिषदेने पुन्हा त्याची गती कमी केली. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी तर २०२४ साली असा प्रस्ताव सरळ नाकारला.

हा विरोध मूर्खपणाचा नाही. शहरातल्या महागड्या हॉटेलात शनिवारच्या रात्री वाढणारा माणूस टिपेतून जे कमावतो, ते कोणताही मालक पगार म्हणून देणार नाही, हे तो जाणतो. पगार वाढला की पदार्थ महागतील, गिऱ्हाईक कमी होईल, टिप आटेल, ही त्याची भीती. त्याला राहू द्या. पण हमरस्त्यावरच्या स्वस्त खानावळीत, सकाळच्या पाळीला, आठ डॉलरची न्याहारी वाढणारी जी बाई आहे, तिचे काय? कायदा दोघांना एकच, आणि वादात बोलायला पुढे येतो तो बहुधा शनिवारचा माणूस.

न्यूयॉर्कच्या डॅनी मायर या नामांकित हॉटेलमालकाने २०१५ साली मधला मार्ग काढून पाहिला. आपल्या हॉटेलांतली टिपच काढून टाकायची, भाव वाढवायचे, आणि त्यातून सगळ्यांना नीट पगार द्यायचा. त्याचे दुखणे स्वयंपाकघराचे होते. वाढणाऱ्याला टिप मिळे. आत भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या आचाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्याला तिथल्या कायद्याने तीत वाटा नव्हता. विचार चांगला. पण शेजारच्या हॉटेलात टिप चालूच. भावाच्या पाटीवर याचे जेवण महाग दिसे आणि चांगले वाढपी शेजारी जात. २०२० साली, साथीच्या दिवसांत, मायरने हा प्रयोग आवरता घेतला. एकट्याने सरळ चालायचे म्हटले तर असे होते. शर्यतीचा नियम सगळ्यांना एक हवा, आणि तो करायचे काम सरकारचे. ब्रिटनने २००९ पासून टिप किमान वेतनात धरायला बंदी केली, आणि ऑक्टोबर २०२४ पासून टिपेची पै न् पै कामगारालाच मिळाली पाहिजे असा कायदा लागू केला. तिथली हॉटेले काही त्यामुळे ओस पडली नाहीत.

आपल्या देशात टिप मिळवणाऱ्यासाठी वेगळे, कमी असे किमान वेतन ठेवलेले नाही, ही चांगली गोष्ट. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १९७६ साली सांगून ठेवले आहे, की गिऱ्हाइकाकडून बक्षिशीपोटी येणारा पैसा म्हणजे मालकाने आपल्या पदरचे दिलेले वेतन नव्हे. मात्र मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत बिलाच्या तळाशी ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची एक ओळ छापून यायला लागली. शेकडा पाच, शेकडा दहा. हा सरकारी कर नव्हे, आणि तो वेटरच्या हाती पोहोचतो की गल्ल्यात राहतो हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले, की तो बिलात आपोआप लावू नये आणि त्याची सक्ती करू नये. हॉटेलवाले न्यायालयात गेले. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाचे म्हणणे उचलून धरले.

एक प्रश्न राहिला. आपल्या गावची मुले आता अमेरिकेत शिकायला जातात. त्यांतली काही म्हणतात, ‘पद्धत अन्यायाची आहे ना? मग मी टिप देणारच नाही.’ त्यांना घरच्यांनी सांगावे, की बाबा रे, दे. तू दिले नाहीस म्हणून तिथला कायदा बदलत नाही. त्या दिवशीची त्या बाईची मिळकत तेवढी घटते. लंडनला गेलात तर आधी बिलात सेवेचे पैसे लावले आहेत का ते पाहा. जपानात ठेवूच नका, विसरलात असे समजून ते परत आणून देतील. आणि पुण्या-मुंबईच्या हॉटेलात गेलात तर बिल घडी न घालता शेवटपर्यंत वाचा. सर्व्हिस चार्जची ओळ दिसली तर ती काढायला सांगा, न लाजता. मग वाटले तर तेवढेच पैसे वाढणाऱ्याच्या हातात द्या, आणि आत भांडी घासणारा कोण आहे तेही त्याला विचारा.